संमतीपत्र कुणाचं घेतलंत?

स्त्री अभ्यासात एम.ए. झालं, आता अपंगत्वावर पीएच.डी. करायचीय, असं सांगत मुली येतात. माझी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, दोनदा परत आली होती, म्हणून बोलते.

विषय होता सिंधुदुर्गातल्या अपंग मुलींच्या घरातलं काळजीचं काम. चौकट आयती होती: बायकांचे बिनमोलाचे कष्ट. कुडाळकडच्या एका घरी आईशी दोन तास बोलले. अंघोळ घालणं, उचलून न्हाणीत नेणं, वर्षानुवर्षं माहेरी राहायला न जाणं. भराभर उतरवून घेतलं. निघताना पडवीत आमसुलं निवडत बसलेली पंचविशीची मुलगी म्हणाली, "ताई, माका कायच विचारूचा नाय काय?"

मुलाखतीचं संमतीपत्र आईचं होतं. मी स्वतः कुबडी घेऊन चालते, आणि तरी!

काळजी म्हणजे बाईवरचं ओझं, असं लिहिलं की ओझं कोण हेही ठरून जातं. आणि इथे ओझं ठरलेली ती मुलगीही बाईच. आईची कंबर धरली की शेक तीच देते, आमसुलांचे चार पैसे तिचेच. तिची पहिली तक्रार काय, तर न्हाणीचं दार कुणी लावून घेत नाही. माझ्या प्रश्नावलीत दाराला जागाच नव्हती.

स्त्रीवादाची ही चौकटच तपासा. १९९४ चा कायदा गर्भाचं लिंग सांगायला बंदी करतो, पण गुणसूत्रांतला दोष शोधायला चाचणीची मुभा ठेवतो. पहिल्यावर आपण मोर्चे काढले. दुसऱ्यावर? अनिता घई यांचं अपंग बायकांच्या प्रश्नांवरचं २००३ चं पुस्तक मुळातून वाचा. झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्सवर माझं एक वर्ष गेलं. रोझमेरी गारलँड-थॉमसन यांचा स्त्रीवाद आणि अपंगत्व यांवरचा २००२ चा लेख अवघड वाटेल, वाटू दे. अपंगत्व म्हणजे शेवटी जोडायचं एक प्रकरण नव्हे, हे मला तिथे कळलं. आणि "विषय नाजूक आहे, बेताने घ्या" म्हणणारे मार्गदर्शक टाळा. भांडणारे बरे.

प्रवेशाची धास्ती नको. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत अपंगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, वयातही ५ वर्षांची सूट आहे. किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र मात्र आधीच काढून ठेवा. जागा मिळते, विभाग दुसऱ्या मजल्यावर असतो, हे वेगळं. माझ्या वेळी जांभ्याच्या बावीस पायऱ्या होत्या, मोजून. जमतं, पण रडू येतं.

पुढच्या महिन्यात त्या घरी परत गेले. या वेळी आईला चहा ठेवायला आत पाठवलं, ते तिनेच.