मराठी पाटीची शिरोरेषा तुटत होती, त्यावरचा उपाय

मालवणात होमस्टे, खानावळी आणि होड्यांसाठी मी व्हिनाइलची, म्हणजे चिकट पाठीच्या प्लास्टिक शीटची, अक्षरं कटर मशीनवर कापून देतो. इंग्रजी नावं नीट निघायची. मराठीत मात्र प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषा कापली जायची आणि ‘तारकर्ली’ या नावाभोवतीचं जादा व्हिनाइल सोलताना तुकडे हातात यायचे. ब्लेड बदललं, दाब कमी केला, फरक नाही.

कारण फाँटात होतं. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. पडद्यावर एकच रेघ दिसते, पण कटर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केलं (अक्षरांचे नुसते आकार होतात), ग्रुप सोडवला आणि ‘युनियन’ दिलं (सगळे आकार जोडून एक होतात). आउटलाइन दृश्यात (यात फक्त कडा दिसतात) सांध्यावरच्या रेघा गेल्या का ते बघा, मगच कापायला पाठवा. यानंतर ऱ्हस्व-दीर्घ टाइप करून सुधारता येत नाही, म्हणून मूळ मजकुराची प्रत आधी वेगळी ठेवायची. मराठी नाव चुकीचं लागलेलं मला बघवत नाही.

अनुस्वाराचं टिंब सुटंच राहतं. सोलताना ते बोटाने दाबून धरा.

होडीवर लावायचं असेल तर आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा, सुकू द्या, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. गोलाईवर कास्ट (ओतून बनवलेलं) व्हिनाइलच घ्या, साधं कॅलेंडर्ड (रुळांखाली दाबून बनवलेलं) आक्रसून कडेने उचलतं.