वाफेच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह दुरुस्त करायला बसण्याआधी

न्यूयॉर्क, जर्सी सिटीकडच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोलीच्या तापमानाप्रमाणे आपोआप उघडझाप करणारा) बसवूनही खोली कुडकुडत असेल किंवा भट्टी झाली असेल, तर नवा विकत घेण्याआधी आहे तो कसा बसवलाय ते बघा.

सगळ्यात आधी रेडिएटरला जोडलेले पाईप मोजा. दोन असतील, तर हा व्हॉल्व्ह वाफ आत येते त्या तोंडाशीच असतो. एकच असेल, तर वाफ त्यातूनच येते आणि तिचं झालेलं पाणीही त्यातूनच परत जातं. म्हणून तिथला व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा हवा, नाहीतर पूर्ण बंद. तिथे थर्मोस्टॅटिक बसवला की वाट अर्धवट आवळली जाते, पाणी आत साचतं आणि रात्री घण घातल्यासारखे दणके बसतात. असं दिसलं तर पाना हातात घेऊ नका, प्लंबरला बोलवा.

एका पाईपच्या रेडिएटरवर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची खरी जागा दुसऱ्या टोकाला, रेडिएटर आणि हवा सोडणारा व्हेंट यांच्या मध्ये. खोली तापली की तो हवेची वाट बंद करतो; आतली हवा बाहेर पडली नाही तर वाफ आत शिरत नाही, सगळं काम एवढ्यावरच चालतं. आमच्याकडे जागा बरोबर होती, पण व्हॉल्व्हचं डोकं वर करून रेडिएटर झाकणाऱ्या लाकडी पेटीच्या आत बसवलेलं. रेडिएटरची धग थेट त्याला लागायची. खोली तापली असं समजून तो बंद व्हायचा आणि मुलगी स्वेटर घालून अभ्यासाला बसायची. डोकं आडवं, खोलीकडे तोंड करून हवं. व्हेंट मात्र सरळ उभा. पेटी किंवा पडदा काढता येत नसेल, तर बारीक नळीने लांब बसवायचा सेन्सर मिळतो, तो आणा.

खरेदी करताना व्हॅक्यूम ब्रेकर (बाहेरची हवा आत घेणारी छोटी झडप) आहे ना, ते नक्की विचारा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर ती पोकळी आणखी वाफ ओढून घेते, आणि व्हॉल्व्ह बंद असूनही खोली तापत राहते.

बाकी सामान थोडंच: दोन पाने (एकाने व्हॉल्व्ह धरायला, दुसऱ्याने व्हेंट फिरवायला), टेफ्लॉन टेप, फडकं, वाटी, पाणसळ आणि रेडिएटरच्या पायांखाली सारायला पातळ लाकडी पाचरी. व्हेंटचे आटे बहुधा १/८ इंची असतात. जुना व्हेंट आत तुटू शकतो, म्हणून दुकानं उघडी असताना सकाळी सुरुवात करा. एका पाईपच्या रेडिएटरचा उतार वाफेच्या पाईपकडेच हवा, हे पाणसळ ठेवून तपासा. रंग जुना असेल तर खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं. पाईपवरच्या पांढऱ्या जुन्या आवरणाला तर हातच लावू नका, ते ॲस्बेस्टॉस असू शकतं.

भाड्याचं घर असेल तर इमारतीच्या सुपरला (देखभाल बघणाऱ्याला) आधी सांगा आणि बॉयलर बंद करून घ्या. वाफ निदान १०० अंश सेल्सिअसची असते आणि जुने व्हॉल्व्ह बंद करूनही पाझरतात. लोखंड हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबा. मग पुन्हा वाफ चढताना जवळ बसून ऐका: आधी हलकी फुस्स, वाफ व्हेंटपर्यंत पोचली की शांतता. थेंब उडाले तर उतार पुन्हा बघा.