हुकूमनामा हातात आल्यावर: कोणते कागद, कोणत्या क्रमाने

घटस्फोट मंजूर झाला हे न्यायालय बँकेला कळवत नाही. विमा कंपनीला नाही, भविष्य निर्वाह निधी कार्यालयाला नाही, सोसायटीलाही नाही. त्यांच्या दप्तरी तुमचं लग्न चालूच असतं, आणि तुम्ही जाऊन बदलेपर्यंत चालूच राहतं. निकाल लागेपर्यंत माणूस इतका दमलेला असतो की आणखी एक अर्ज भरायचं त्राण उरत नाही, हे खरं. तरीही पुढची कामं पहिल्या दोन-तीन महिन्यांत उरकाच. यातल्या काही चुका उशिरा लक्षात आल्या तर दुरुस्तच होत नाहीत.

(ही माहिती भारतातल्या कायद्यानुसार आहे. घटस्फोट हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली झाला आहे असं धरलं आहे. बँक, विमा, घर यांबद्दलचं बहुतेक सगळं इतरांनाही लागू पडतं.)

आधी नकला

नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्हींच्या प्रमाणित प्रती घ्या. निकालपत्रात कारणमीमांसा असते, हुकूमनाम्यात नेमका आदेश. चार-पाच प्रती एकदमच काढा, म्हणजे एखाद्या कार्यालयाने मूळ प्रत ठेवून घेतली तरी काम अडत नाही. घटस्फोट परस्पर संमतीने, म्हणजे कलम १३-ब खाली झाला असेल, तर संमतीच्या अटी हुकूमनाम्याला जोडलेल्या आहेत ना, हे पानं उलटून बघा. अटी जोडलेल्या नसतील, तर फ्लॅट कुणाकडे आणि कर्ज कुणाच्या माथी हे त्या कागदावरून कुणालाच दाखवता येणार नाही.

प्रत मिळाली की तिथेच वाचा. दोघांची नावं, लग्नाची तारीख, मुलांच्या जन्मतारखा आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. टंकलेखनाची चूक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली साध्या अर्जाने केव्हाही दुरुस्त होते. पण ती पासपोर्टच्या खिडकीवर लक्षात आली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कौटुंबिक न्यायालयाने परस्पर संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. लढून मिळालेल्या घटस्फोटावर मात्र होतं, आणि त्यासाठी ९० दिवसांची मुदत आहे. ती संपेपर्यंत पुन्हा लग्न करू नका. मुदत संपल्यावरही समोरून अपील दाखल झालं आहे का, हे वकिलांकडून उच्च न्यायालयात तपासून घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ चा अर्थ एवढाच.

मग फोन नंबर

हे काम बहुतेक जण शेवटी करतात. ते दुसऱ्या क्रमांकावर हवं. लग्नानंतर दोघांपैकी एकच जण घरचे ऑनलाइन व्यवहार बघत असतो, आणि दुसऱ्याच्या आधारला, खात्याला, गॅस कनेक्शनला त्याचाच नंबर जोडलेला असतो. मग तुम्ही नॉमिनी बदलायला बसता आणि ओटीपी जातो त्यांच्या फोनवर. काम तर अडतंच, शिवाय तुम्ही काय बदलताय हेही तिकडे कळतं.

आधारचा मोबाइल नंबर सगळ्यांत आधी बदला. तो बदलला की बँक, पॅन, डिजिलॉकर, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन या क्रमाने जा. ईमेलचा पासवर्ड बदलणं पुरेसं नाही. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला जुना नंबर आणि जुना ईमेल काढा, आणि ‘लॉग इन असलेली उपकरणं’ या यादीतून घरचा टॅब, टीव्ही, जुना लॅपटॉप बाहेर करा. लोकेशन शेअरिंग आणि एकत्र फोटो साठवण्याची सोय अनेकदा वर्षानुवर्षं तशीच चालू राहते. तीही बंद करा.

नॉमिनी: सगळ्यांत जास्त राहून जाणारी गोष्ट

घटस्फोटाने नॉमिनेशन आपोआप रद्द होत नाही. मृत्युपत्रही नाही. घटस्फोटित जोडीदार वारस उरत नाही, पण कागदावर नाव असेल तर पैसे आधी त्याच्याच हाती जाऊ शकतात, आणि मग मुलांना किंवा आई-वडिलांना त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

एका बँकेत एकदा अर्ज दिला की झालं, असं समजू नका. बचत खातं, प्रत्येक मुदत ठेव, लॉकर, पीपीएफ, डीमॅट, म्युच्युअल फंडाचा प्रत्येक फोलिओ, विम्याची प्रत्येक पॉलिसी, सोसायटी अशा सगळ्यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीचं नॉमिनेशन एक आणि ग्रॅच्युइटीचं दुसरं. निधीचं ऑनलाइन होतं, ग्रॅच्युइटीसाठी एचआरकडे विचारा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात. बदल केल्यावर पोच किंवा नवा नॉमिनी छापलेलं पासबुक घेतल्याशिवाय उठू नका.

दोन ठिकाणी विशेष जपा. पहिलं, अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाला नॉमिनी केलंत, तर त्याच्या वतीने रक्कम कोण घेईल ते नावही त्याच फॉर्मवर भरा. ती जागा कोरी सोडली, तर मुलाचा हयात पालक म्हणून तुमचा पूर्वीचा जोडीदारच पुढे येणार. दुसरं, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली काढलेली पॉलिसी. ती न्यास (ट्रस्ट) असते, आणि त्यातले लाभार्थी पतीला एकट्याच्या मर्जीने बदलता येत नाहीत. पॉलिसीच्या पहिल्या काही पानांवर तसा शेरा आहे का ते बघा.

मृत्युपत्र नव्याने करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांनी सही करावी लागते, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मुलांचा पैसा ती सज्ञान होईपर्यंत कोण सांभाळेल हेही त्यात लिहा.

घर, कर्ज, संयुक्त खाती

‘कर्ज पतीने फेडावं’ असं हुकूमनाम्यात असलं, तरी बँक त्याने बांधलेली नसते. पत्नी सहकर्जदार असेल आणि हप्ते थकले, तर तिचाही क्रेडिट स्कोअर घसरतो आणि वसुलीचे फोन तिलाही येतात. बँकेकडून सहकर्जदार म्हणून नाव वगळल्याचं लेखी पत्र हवं. एकट्याच्या उत्पन्नावर बँक तयार नसेल, तर कर्ज दुसऱ्या बँकेत नव्याने घेणं किंवा घर विकणं एवढेच मार्ग उरतात. हे लवकर कळलेलं बरं.

घरातला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, मग सोसायटीच्या भागदाखल्यावर आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर फेरफार करून घ्या. ‘दोघांपैकी कुणीही’ सही करू शकेल असं संयुक्त खातं आधी गोठवा, मग रक्कम वाटून बंद करा. ॲड-ऑन क्रेडिट कार्ड त्याच दिवशी रद्द.

आरोग्य विमा जोडीदाराच्या कंपनीचा असेल तर तो गेला असं धरून चाला. नवी पॉलिसी लगेच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि ते दिवस पॉलिसी घेतल्यापासूनच मोजले जातात.

पोटगी

पोटगी बँकेतूनच द्या-घ्या, रोख नको. दरमहाची पोटगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ (पूर्वीचं कलम १२५) खाली असेल आणि थकली असेल, तर त्या कलमाखाली वसुली वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल पुढच्या महिन्यात’ म्हणत दोन वर्षं थांबलेल्यांचा हा मार्ग तेवढ्या महिन्यांपुरता बंद होतो. परिस्थिती बदलली, पगार गेला किंवा आजारपण आलं, तर रक्कम कमी-जास्त करून मागता येते. न्यायालयाचा आदेश होईपर्यंत मात्र जुनी रक्कमच देणं भाग आहे. मुलांचा ताबा आणि भेटीच्या वेळा यांतही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली पुढे बदल मागता येतो. ताब्याच्या आदेशाची एक प्रत शाळेत द्या.

नाव

माहेरचं नाव परत लावणं ही सक्ती नाही. लावायचं ठरलं तर आधी आधार, मग पॅन, मग बँक, शेवटी पासपोर्ट. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग आधी पक्कं करा. परदेशप्रवासाची तिकिटं जुन्या नावाने काढली असतील तर परत येईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका.

उरलेले खटले

संमतीच्या अटींत ‘दोघांनी एकमेकांवरचे सर्व खटले मागे घ्यावेत’ असं लिहिलेलं असतं, आणि सगळे निर्धास्त होतात. पण पत्नीच्या छळाबद्दलचा ४९८-अ चा (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) गुन्हा घटस्फोटाने बंद होत नाही. तो रद्द करून घेण्यासाठी सहसा उच्च न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तिथे तक्रारदाराची संमती लागते. ती संमती मिळवणं आत्ता सोपं आहे, पाच वर्षांनी नाही. आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत पोलीस ठाण्यात आणि खटला जिथे चालू होता त्या न्यायालयात द्या, आणि दोन्हीकडची पोच हुकूमनाम्याच्याच फाइलीत लावा. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत हीच पोच मागतात.