छोट्या कंपनीचा मेल सर्व्हर: पैसा कुठे घालायचा

चाळीस-पन्नास माणसांच्या कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून लागलात की कधी ना कधी मालक विचारतात, "मेल आपल्याच मशीनवर ठेवू या, कोणतं घ्यायचं?" भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांसाठी मी ही कामं करत आलोय. व्हेंडरचं पहिलं कोटेशन बहुतेक वेळा एकाच साच्याचं येतं: प्रोसेसर दणदणीत आणि डिस्क स्वस्तातली. मेलसाठी नेमकं याच्या उलट हवं.

मेल येतो तेव्हा आत काय घडतं ते आधी समजून घ्या. समोरच्या सर्व्हरने मेल दिला की आपला सर्व्हर '२५० ओके' असं उत्तर देतो. त्या क्षणापासून त्या मेलची जबाबदारी आपली, कारण समोरचा तो आपल्या रांगेतून काढून टाकतो. म्हणून पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) आधी मेल डिस्कवर लिहितो, तो खरोखर उतरल्याची खात्री एफसिंक या आज्ञेने करून घेतो आणि मगच ओके म्हणतो. स्पॅम फिल्टर वेगळा लावला असेल तर तिथून परत आलेला मेल पुन्हा रांगेत लिहिला जातो. मग डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) तो मेलबॉक्समध्ये टाकतो, इंडेक्स बदलतो. म्हणजे एका मेलपायी डिस्कवर बऱ्याच बारीक नोंदी, त्याही इकडेतिकडे विखुरलेल्या. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क अशा नोंदी सेकंदाला साधारण ७५ ते १०० झेपवते. सकाळी कामाला बसताना सगळे एकदम आउटलुक उघडतात, तेव्हा जुन्या सर्व्हरवर आयओस्टॅट (डिस्क किती गुंतलीय ते दाखवणारी कमांड) लावून बघा. प्रोसेसर निवांत असतो आणि डिस्क शंभर टक्क्यांना टेकलेली असते. खरेदीचा निर्णय या आकड्यांवर घ्या, ब्रोशरवर नको.

म्हणून एसएसडी घ्या, पण लॅपटॉपवाली नको. सर्व्हरच्या एसएसडीत कपॅसिटर असतात. वीज गेली तरी हातातला डेटा लिहून संपवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात असते. स्पेसिफिकेशनमध्ये 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' असं लिहिलेलं असतं, ती ओळ कोटेशनमध्ये मागून घ्या. ही सोय असलेली डिस्क एफसिंकला पटकन उत्तर देऊ शकते. साध्या एसएसडीचा वेग मात्र एफसिंकच्या माऱ्यात कोसळतो, आणि काही स्वस्त डिस्क तर डेटा उतरायच्या आतच 'लिहिलं' म्हणून सांगतात. मेलच्या बाबतीत हे मला अजिबात चालत नाही.

अशा दोन डिस्क रेड १ मध्ये लावा, म्हणजे एकच डेटा दोन्हींवर लिहिला जातो. जागा जास्त हवी असेल तर चार डिस्क, रेड १० (अशाच दोन जोड्यांत डेटा विभागून). रेड ५ मध्ये डेटासोबत त्याचा पडताळाही (पॅरिटी) लिहावा लागतो, म्हणून एका छोट्या नोंदीसाठी दोनदा वाचायचं आणि दोनदा लिहायचं अशी चार कामं होतात, त्यामुळे मेलसाठी ते टाळा. रेड करायला लिनक्सवर एमडीएडीएम हे सॉफ्टवेअर पुरतं. शिवाय मशीन बिघडलं तर त्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावून डेटा वाचता येतो. महागड्या रेड कार्डाचं तसं नसतं.

जागेचा हिशोब करताना एक गोष्ट सुटते. अटॅचमेंट मेलमधून जाताना बेस६४ या अक्षरी रूपात बदलते आणि फुगते, १० एमबीचं ड्रॉइंग साडेतेरा एमबीच्या पुढे जातं. तेच ड्रॉइंग डिझाइन, क्वालिटी, परचेस अशा सहा जणांना पाठवलं तर मेलडिरमध्ये (जिथे प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते) सहा प्रती. जुन्या मेलबॉक्सचा आकार आणि गेल्या वर्षभरातली वाढ काढा, पुढच्या चार वर्षांचा अंदाज धरा आणि त्यावर तिसरा हिस्सा मोकळा सोडा. लॉगसाठी वेगळं पार्टिशन करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात.

रॅम १६ जीबी ठीक, ३२ असेल तर उत्तम, पण ईसीसीच (मेमरीतल्या चुका स्वतः दुरुस्त करणारी). क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम एकटाच किमान ३ जीबी मागतो, कारण सिग्नेचर अपडेट होताना जुना आणि नवा संच काही काळ एकत्र मेमरीत असतो. उरलेली रॅम फाइल कॅशला जाते आणि तिथे ती फार उपयोगी पडते. प्रोसेसर चार कोरचा साधा झिऑन पुरे.

मशीन टॉवर घ्या. छोट्या कंपनीत सर्व्हर रूम नसते, सर्व्हर अकाउंट्सच्या केबिनमध्येच बसतो आणि वन-यू (चपट्या) रॅक सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज तिथे कोणी सहन करणार नाही. यूपीएस मात्र असा घ्या, की तो यूएसबीने सर्व्हरशी बोलेल आणि बॅटरी उतरू लागली की सर्व्हर स्वतः नीट बंद होईल. आमच्याकडे गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात, तेव्हा ही सोय रिकाम्या ऑफिसातही काम करते.

दोन सर्व्हरचा क्लस्टर (एक पडला की दुसरा काम घेईल अशी जोडी) करू या, असा आग्रह होईल. गरज नाही. आपला सर्व्हर तासभर बंद पडला तरी पाठवणारे सर्व्हर साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात. त्या पैशात एक साधं मशीन घेऊन ते दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि रोजचा बॅकअप तिकडे न्या. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकदमच उडतं.

बजेट कमी असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रिफर्बिश्ड सर्व्हर आणायला माझी हरकत नाही. डिस्क आणि यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र नव्या घ्या. इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक (कायम तोच राहणारा) आयपी आणि त्याचा पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) मिळतो का, हे मशीनची ऑर्डर देण्याआधी लेखी विचारा. तो नसेल तर गुगल-याहूकडे आपले मेल अडकतात, तिथे हार्डवेअर कितीही चांगलं असून उपयोग नाही.

मशीन आलं की लगेच चालू करू नका. चाचणीचे मेल सोडत राहा आणि चालू सर्व्हरमधून एक डिस्क उपसा. ती परत लावा, रिबिल्डला (तिच्यावर डेटा पुन्हा भरायला) किती तास लागतात ते लिहून ठेवा. मग मेल येत असतानाच पॉवरची वायर ओढा. सर्व्हर वर आल्यावर ज्या ज्या मेलला '२५० ओके' गेलं होतं ते सगळे मेलबॉक्समध्ये आहेत का, हे लॉगशी ताडून बघा. बॅकअपमधून एक पूर्ण मेलबॉक्स परत आणून पाहा. एमएक्स रेकॉर्ड (आपल्या डोमेनचा मेल कुठे द्यायचा ते सांगणारी नोंद) त्यानंतरच बदलायचा, आणि त्याचा टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची ती मुदत) एक-दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवायचा.