गणपतीची शाळा, सतरा वर्षांची पोरगी आणि लव्हस्टोरी: अशी कादंबरी लिहायची तर

घरातलं कुणीतरी गेलंय, त्यांचा धंदा पोरीच्या गळ्यात पडलाय आणि त्यातच ती प्रेमात पडतेय, अशी टीनएज कादंबरी डोक्यात असेल तर आधी धंदा ठरवा, हिरो नंतर बघू. आणि प्लीज कॅफे नको. कॅफे महिनाभर बंद ठेवला तरी कुणाचं काही अडत नाही, मग पोरगी दोनशे पानं खिडकीत बसून पाऊस बघत राहते. न थांबणारा धंदा घ्या.

उदाहरण म्हणून सिंधुदुर्गातल्या एखाद्या गावातली गणपतीची शाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायचा कारखाना घेऊ. बाबा जूनमध्ये गेले. चतुर्थी काय पुढे ढकलता येत नाही. इथे वर्ष पक्कं करा, कारण 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि 2026 ला अधिक महिन्यामुळे 14 सप्टेंबरला, म्हणजे हिरोईनला अठरा दिवस जास्त मिळतात. त्यात दहा दिवस सुतक, त्या दिवसांत मूर्तीला हात लावायचा की नाही यावर घरात वाद होऊ दे (गावागावात रीत वेगळी, म्हणून ज्या गावाबद्दल लिहिताय तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा), आणि बाहेर कोकणातला पाऊस, शाडू वाळत नाही, घाई करून वाळवायला जावं तर तडे जातात. फक्त तो तडा म्हणजे तिचं तुटलेलं मन असलं काही लिहू नका, वाचणाऱ्याला कळतं.

आता दुःख कसं दाखवायचं, माझ्या मते सगळी कादंबरी इथेच आहे. रडण्याचे सीन दोनच ठेवा. त्यापेक्षा लोक मूर्ती ज्यावर घडवून घ्यायची ते आपापल्या घरचे पाट घेऊन येतात ते लिहा. एखादी आजी पाट ठेवते आणि म्हणते, "गे बाय, दरवर्षीसारखोच होयो हां." आता दरवर्षीसारखा म्हणजे कसा? उंची किती, सोंड कशी, पितांबराचा रंग कोणता, हे सगळं बाबांच्या डोक्यात होतं, वहीत नुसती नावं आणि अ‍ॅडव्हान्स. मग पोरगी घरोघरी फिरून जुने फोटो मागते आणि प्रत्येक घरात तिला बाबांची एक नवीनच गोष्ट कळते, काही चांगल्या, एखादी उधारीची पण.

हिरो तिथेच भेटू दे, घरचा पाट घेऊन आलेला, फोटो शोधायला मदत करणारा. माती मळेल, पाट उचलेल, बाईकवरून सोडेल, पण डोळ्यांची आखणी त्याने करायची नाही. ती तिने एकटीनेच शिकायची, चार मूर्ती बिघडवून. आणि त्याच्या जोकवर ती पहिल्यांदा खळखळून हसते तो सीन तेराव्याच्या आसपास ठेवा, आत्याने बघितलं पाहिजे. आत्या काही बोलत नाही, पोरीलाच स्वतःची लाज वाटते. या वयाच्या वाचकाला हे लगेच लागेल, आय लव्ह यू नंतर कधीतरी म्हटलं तरी चालतं.

वारसाहक्काचं नीट बघून घ्या. "आता हे सगळं तुझंच" असं शेजारी म्हणतात, पण मृत्युपत्र नसेल तर बाबांच्या स्वतःच्या मालकीचं जे आहे त्यात 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, सगळी भावंडं आणि बाबांची आई जिवंत असेल तर तिलाही सारखा हिस्सा. बँकेत नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे तो मालक नव्हे. पोरगी अठराच्या आत आहे, त्यामुळे तिच्या नावावर आलेली जागा आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शाळेची जागा आजोबांची आणि सातबाऱ्यावर काकांचंही नाव, एवढं केलंत की व्हिलन आणायची गरजच नाही. काका वाईट नकोत, त्यांना मुंबईत पोराच्या खोलीसाठी पैसे हवेत, बस.

शेवटी दोघांचं लग्नबिग्न ठरवू नका, सतरा वर्षांची आहेत. तो कॉलेजला बाहेर जातो की गावातच राहतो ते तुम्ही ठरवा, पण शाळा चालू राहणार की बंद होणार हे त्याच्या उत्तरावर टांगून ठेवू नका.