माहिती वाचणाऱ्याच्या उपयोगी पडावी म्हणून

माहिती लिहायला बसण्यापूर्वी, ती वाचून समोरच्या माणसाला नेमके काय ठरवायचे आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य सुचत नसेल, तर आपण बहुधा वाचणाऱ्यासाठी नव्हे, तर 'कळवले होते' अशी नोंद राहावी म्हणून लिहीत असतो.

'तांत्रिक कारणास्तव उद्या पाणीपुरवठा विस्कळीत राहील, नागरिकांनी सहकार्य करावे' ही सूचना खरी असूनही निरुपयोगी आहे. कारण पाणी भरून ठेवायचे का, किती आणि कधीपर्यंत पुरवायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. (सहकार्य म्हणजे काय करायचे, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईलसे वाटत नाही.) त्याऐवजी 'गुरुवार, १२ मार्च रोजी सकाळी ६ ते दुपारी ४ पाणी येणार नाही, बुधवारी रात्रीच भरून ठेवावे' असे लिहावे. 'उद्या' हा शब्द तर टाळावाच, कारण संदेश चार दिवस फिरत राहिला तरी त्यातला 'उद्या' तसाच राहतो.

आकडे देताना 'किती जणांमागे किती' हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९९५ साली ब्रिटनमध्ये, काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या तुलनेत दुप्पट होतो, असा अधिकृत इशारा देण्यात आला. तो खोटा नव्हता. परंतु ही दुप्पट म्हणजे सुमारे ७,००० स्त्रियांमागे १ ऐवजी २ एवढीच होती, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात राहिला तो 'दुप्पट' हा शब्द. अनेकींनी घाबरून गोळ्या बंद केल्या, नको असलेली गर्भधारणा झाली आणि पुढील वर्षी तेथील गर्भपातांची संख्या वाढली. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अर्धवट आकडा किती महागात पडतो ते कळते.

जे अद्याप निश्चित नाही ते तसे स्पष्ट लिहावे आणि पुढची माहिती कधी मिळेल तेही सांगावे. नाहीतर रिकामी जागा अफवा भरून काढतात.

मजकूर तयार झाल्यावर, त्या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला तो वाचायला द्यावा. 'समजले का?' असे विचारू नये, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. 'आता तुम्ही काय कराल?' असे विचारावे आणि उत्तर देताना ते कुठे अडखळतात, तेवढा भाग पुन्हा लिहावा.