टेम्पोच्या हौद्याला ओल्या बाभळीच्या फळ्या

पावसात टेम्पोच्या हौद्याची लाकडं पार कुजली, मग रे रोडच्या लाकूडबाजारातून बाभळीच्या ताज्या कापलेल्या फळ्या आणल्या. सुतार म्हणाला वाळू द्या आधी, पण मुंबईच्या हवेत कधी वाळायच्या आणि तोवर धंदा काय बंद ठेवायचा?

ओली फळी रुंदीत आकसते, लांबीत जवळपास नाहीच, म्हणून फट न ठेवता चिकटून बसवल्या, सुकल्यावर आपोआप फटी पडल्या आणि पाणी खाली जातं, बरंच झालं. गाभ्याची (खोडाच्या मध्याकडची) बाजू वर ठेवली, म्हणजे वाकली तरी मध्ये पाणी साचत नाही. बोल्ट गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा थर दिलेले) घ्या हां, बाभळीतल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याने साध्या लोखंडाभोवती काळे डाग पडतात. टोकांना ऑइल पेंट मारला, चिरा कमी पडतात. सुकल्यावर नट ढिले होतात, ते मात्र परत आवळावे लागले.